कालव्याचं पाणी बोगद्यातून जाणार, मग काठाच्या वाटेचं काय?

वसुधा_हिंगणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सिंहगड रस्त्याला हिंगणे खुर्दमध्ये राहते. उजवा मुठा कालवा आमच्या सोसायटीपासून चार मिनिटांवर आहे. 19 वर्षं झाली, रोज पहाटे साडेपाचला मी त्याच्या भरावावरून चालते. कुठल्या वळणावर खंड्या बसतो आणि कुठल्या आंब्याखाली जूनमध्ये पाय घसरतो, हे मला अंधारातही सांगता येईल.

कालवा खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याला वळसा घालतो, स्वारगेट, एम्प्रेस गार्डन करत हडपसर, फुरसुंगी आणि पुढे पार इंदापूरकडे जातो. आता खडकवासला ते फुरसुंगी हे पाणी बोगद्यातून न्यायचं ठरतंय. म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सलग पट्टी उद्या मोकळी होईल. तिच्यावरून आमच्याकडे आत्तापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो, रस्ता करा, सिंहगड रस्त्याची कोंडी फुटेल. दुसरा म्हणतो, बाग करा, जॉगिंग ट्रॅक करा, आणि फाटक लावून घ्या.

मला दोन्ही पटत नाही. ही वाट सलग राहावी असं मला वाटतं. हिंगण्याच्या बाईला पायी किंवा सायकलवर हडपसरला जाता यावं, आणि वाटेत एकदाही जीव धोक्यात घालून रस्ता ओलांडावा लागू नये. तुकडे आपल्याकडे पुष्कळ झालेत: कुठे सायकल ट्रॅक, कुठे नाल्याकाठची बाग, कुठे टेकडीवरची पायवाट. महापालिकेने 2017 मध्ये आठशे किलोमीटरहून मोठ्या सायकल जाळ्याचा आराखडाही मंजूर केला. पण एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचं कसं?

पुढच्या महिन्यात आमच्या भागात नागरिकांच्या सूचनांची बैठक आहे. मला पाच मिनिटं मिळतील. ज्यांच्या शहरात अशा जोडलेल्या वाटा खरंच झाल्या, त्यांनी सांगा: सुरुवात कुठून झाली? जमीन कशी मिळाली? मोठे रस्ते कसे ओलांडले? आणि काठावर ज्यांची घरं आहेत त्यांचं काय केलं?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. 27 सप्टेंबर 2018 ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत घराघरांत पाणी शिरलं. तेव्हा माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं शिलाई मशीन, वर्षाचे गहू आणि मुलीची दहावीची पुस्तकं गेली. ती पुस्तकं आम्ही दोघींनी आमच्या गच्चीत वाळवायचा प्रयत्न केला होता. पानं सुटी झाली नाहीत.

पर्वतीकर_सायकल

वसुधाताई, मी रोज पर्वतीहून हडपसरच्या बाजूला कामाला जातो, सायकलने. हिंगण्यापासून पर्वतीपर्यंत तुमचं म्हणणं आजही अर्धंअधिक खरं होऊ शकतं. अडतं ते स्वारगेटला. एसटी स्थानक, पीएमपीच्या गाड्या, रिक्षा, मेट्रोतून येणारे लोक, सगळं एका चौकात. परवा सकाळी साडेआठला घड्याळ लावून बघितलं. सायकल हातात धरून पलीकडे जायला 11 मिनिटं लागली. माझ्या एकूण प्रवासाचा जवळजवळ चौथा भाग.

ट्रॅक किती किलोमीटर केला हे कुणी सांगितलं की मी विचारतो, स्वारगेटचं काय केलंत? ते सुटलं नाही तर हिंगण्याचे लोक हिंगण्यातच फिरत राहणार.

नेऊसकाठ

वसुधाताई, धागा वाचला आणि राहवलं नाही. मी मूळची सहकारनगरची, त्यामुळे तुमचा कालवा माझ्याही पायाखालचा. 2004 पासून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात केरी या गावी आहे, आणि गेली 16 वर्षं अशाच वाटा आणि त्यांचे पूल आखायचं काम करते. इथे याला ग्रीनवे म्हणतात. राली, केरी, मॉरिसव्हिल, डरहॅम ही गावं वाढत वाढत एकमेकांना चिकटली आहेत, आपल्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारखी. आज मी केरीतल्या बॉन्ड पार्कपासून सायकल काढली तर व्हाइट ओक ओढ्याच्या काठाने अमेरिकन टोबॅको ट्रेलला लागते आणि त्यावरून थेट डरहॅमच्या मध्यवस्तीत जाते. यातला बहुतेक सगळा रस्ता झाडांतून, ओढ्याकाठून किंवा जुन्या रेल्वेच्या पट्टीवरून आहे. हे होण्यात पन्नास वर्षं गेली. त्यात काय जमलं आणि काय चुकलं ते लिहिते. लांबेल, पण तुमचा प्रश्नच तसा आहे.

रालीत सुरुवात झाली ती पुरामुळे. 1972 मध्ये क्रॅबट्री ओढ्याच्या सखल भागात मोठा मॉल उघडला आणि 1973 मध्ये त्यात पाणी शिरलं. त्याच सुमारास इथल्या राज्य विद्यापीठातल्या बिल फ्लोर्नॉय या विद्यार्थ्याने शहरासाठी एक अहवाल तयार केला होता. म्हणणं अगदी साधं. ओढ्याकाठची जमीन बांधकामाला धोक्याची आहे, तिथे घरं नकोतच. मग सगळ्या ओढ्यांची ती जमीन राखा. पुराला पसरायला जागा राहील, आणि ओढ्याला ओढा मिळतो तशी वाटेला वाट मिळत जाईल. 1974 मध्ये शहराने हे धोरण म्हणून स्वीकारलं. आपल्याकडच्या निळ्या आणि लाल पूररेषा तुम्हाला माहीत आहेत. त्या रेषांच्या आतली जमीन म्हणजे शहराचं वाटांचं जाळं, असं कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी ठरवून टाकलं, एवढंच.

तेव्हा हातात वाटा नव्हत्या, नकाशावर रेघ होती. पण त्या रेघेला वजन होतं. ओढ्याकाठी घरं बांधायची परवानगी मागायला बिल्डर आला की त्याला सांगितलं जायचं, ही पट्टी सोड आणि तिच्यावरून लोकांना जायची वहिवाट शहराच्या नावाने लिहून दे. वहिवाट हा आपल्या शेतकऱ्यांचा शब्द इथल्या कायद्यातल्या कल्पनेला तंतोतंत बसतो. जमीन मालकाचीच राहते, येण्याजाण्याचा हक्क लोकांचा होतो. माझ्या कामाचे निम्मे दिवस पुलांच्या आकडेमोडीत नाही, या वहिवाटीच्या कागदांत जातात. एखाद्या पट्टीचे कागद 1980 च्या दशकात झालेले असतात आणि वाट आत्ता होते. ज्यांनी तेव्हा सही केली त्यातले कित्येक आज हयात नाहीत. पण तेव्हा कुणी ती सही घेतली नसती तर आज तिथे कुणाच्या तरी मागच्या अंगणाचं कुंपण असतं.

दुसरी गोष्ट ड्रेनेजची. सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्या उताराने वाहाव्यात म्हणून ओढ्याकाठूनच टाकतात, आणि त्यांच्या दुरुस्तीला गाडी जाईल एवढी पट्टी आधीच मोकळी ठेवलेली असते. तिच्यावर 10 फूट रुंदीचं डांबर टाकलं की लोकांना वाट मिळते आणि ड्रेनेजच्या माणसांना पावसातही न फसणारा रस्ता. इथल्या कितीतरी वाटा अशा एका जमिनीतून दोन कामं काढून झाल्या आहेत. माझं टोपणनाव जिच्यावरून घेतलंय त्या नेऊस नदीची वाट फॉल्स धरणाच्या पायथ्यापासून सलग 27.5 मैल, म्हणजे साधारण 44 किलोमीटर आहे. पुण्याच्या नदीकाठ प्रकल्पाची लांबीही तेवढीच आहे हे वाचलं तेव्हा मी तो आकडा दोनदा तपासला होता.

आता पर्वतीकरांच्या स्वारगेटकडे येते, कारण गाठ तिथेच आहे.

डरहॅममध्ये सिगारेटचे मोठे कारखाने होते. त्यांच्यापर्यंत जाणारी आगगाडी बंद पडली, रूळ निघाले, आणि काही नागरिकांनी ती पट्टी चालण्यासाठी मागायला सुरुवात केली. (रेल्वेची बंद पडलेली पट्टी तुकड्यांत विकली जाऊ नये, उद्या लागली तर गाडी परत आणता यावी आणि तोवर लोकांना चालायला द्यावी, अशी तरतूद अमेरिकेच्या कायद्यात 1983 पासून आहे. कालव्याबद्दल असंच काहीतरी मागण्यासारखं आहे.) हळूहळू डरहॅमकडचा भाग झाला, दक्षिणेचा झाला, सगळी मिळून 22 मैलांहून थोडी जास्त वाट. पण मधून आय-40 महामार्ग आडवा गेलेला. वर्षानुवर्षं उत्तरेचे लोक उत्तरेला फिरायचे आणि दक्षिणेचे दक्षिणेला. त्यावरचा पूल खुला झाला तो फेब्रुवारी 2014 मध्ये. त्याच महिन्यात मी मुलाला घेऊन गेले. तो 7 वर्षांचा होता. पुलाच्या मधोमध कठड्याला नाक लावून खालचे ट्रक मोजत बसला, उठेचना. मी बघत होते ती माणसं. तोवर त्या वाटेवर मला घामेजलेले धावणारे दिसायचे. त्या वसंतात पाठीला सॅक, पँट मोज्यात खोचलेली आणि मागे डबा बांधलेला, अशी कामावर जाणारी माणसं दिसायला लागली. वाट दोन्ही बाजूंना आधीपासून होती. फरक पडला तो एका पुलाने.

म्हणून तुमच्या पाच मिनिटांपैकी तीन मिनिटं रस्ते ओलांडण्यावर बोला. सगळीकडे होतं ते उलटं. सोपा तुकडा आधी करतात, त्याचं उद्घाटन होतं, आणि अवघड जोड दुसऱ्या टप्प्यावर ढकलतात. दुसरा टप्पा येईपर्यंत त्या जागी कुणीतरी खांब उभा केलेला असतो. मी स्वतः हे भोगलंय. एका गावात (नाव लिहीत नाही) ओढ्यावर रस्त्याचा नवा पूल होत होता. आम्ही विनवलं की एक गाळा वाढवा, खालून वाट जाईल. चालू कामात तो खर्च किरकोळ होता. नाही ऐकलं. 9 वर्षांनी तिथेच रस्ता बंद ठेवून वेगळा भुयारी मार्ग खणावा लागला, आणि त्याचा नकाशा मीच काढला. तो काढताना मला अजिबात आनंद झाला नाही.

पुण्यात आत्ता मेट्रो, उड्डाणपूल, सगळं एकदम चालू आहे. कालव्याची पट्टी ज्या ज्या कामाच्या आड येते, तिथे 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच मोकळी जागा आत्ताच नकाशात दाखवा असं मागा. वाट दहा वर्षांनी होऊ दे, भोक आज ठेवा.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी भराभर सांगते. उतार 5 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे चाकांच्या खुर्चीलाही जमतो. पुलाखालून नेलेली वाट मोठ्या पावसात बुडणारच, तेव्हा गाळ काढायचं काम कुणाचं हे आधी लिहून घ्या. पूरक्षेत्रात एक खांब रोवायचा तरी त्यामुळे पुराची पातळी वाढणार नाही, हे आम्हाला गणिताने सिद्ध करावं लागतं. दलदल आली की डांबर नाही, लाकडी साकव. हा शब्द मी ऑफिसातल्या सगळ्यांना शिकवलाय, आता नकाशांच्या चर्चेत तेही साकव म्हणतात.

शेजाऱ्यांचा विरोध होईल, त्याची तयारी ठेवा. घरामागून वाट गेली तर चोर येतील, हे वाक्य मी आजवर प्रत्येक सभेत ऐकलंय. एका सभेत एक आजोबा माझ्यावर फार चिडले होते. वाट झाल्यावर दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं, कुंपणाला एक फाटक करून मिळेल का म्हणून. ते पत्र माझ्या टेबलावर काचेखाली आहे.

काठावरच्या वस्तीबद्दल वेगळं लिहीन, ते घाईत लिहिण्यासारखं नाही.

पाटकरी

वसुधाताई, मी पाटबंधारे खात्यात 31 वर्षं होतो, त्यातली बरीच दुसऱ्या जिल्ह्यातल्या कालव्यांवर. वरच्या ताईंनी उताराचं लिहिलं म्हणून सांगतो. कालवा डोंगराच्या कडेने जवळजवळ एकाच पातळीवर चालतो. त्याचा उतार इतका मंद असतो, की किलोमीटरमागे फूटभरही पाणी खाली येत नाही. पर्वतीला वळसा आहे तो त्यासाठीच. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी ती रेषा आखली त्यांनी नकळत म्हाताऱ्यांसाठी, गरोदर बायांसाठी आणि खुर्चीवरच्या माणसांसाठी शहरातली सगळ्यात सोपी वाट आखून ठेवली. अशी सपाट सलग रेषा पुन्हा आखायची म्हटलं तर आज पुण्यात जागा नाही.

पण तीन गोष्टी सभेत विचाराच.

पहिली, हद्द. कालव्याची संपादित जमीन म्हणजे फक्त पाणी नव्हे. दोन्ही बाजूंचे भराव, देखभालीचा रस्ता आणि त्यापलीकडची थोडी जागाही त्यात असते. जागोजाग हद्दीचे दगड असतात, शहरात ते गाडले गेलेत किंवा उचलले गेलेत. माहितीच्या अधिकारात संपादनाचे नकाशे मागा आणि भूमी अभिलेखकडून मोजणी व्हावी असा आग्रह धरा. मोजणी आधी, बोगदा नंतर. डावा कालवा आठवा. कर्वेनगर, एरंडवण्याच्या बाजूला त्याचे आज 'कॅनॉल रोड' नावाचे तुकडे राहिलेत. नाव राहिलं, सलगपणा गेला.

दुसरी, झाडं. तुमचा आंबा कशावर जगतो? कालव्याच्या पाझरावर. काठच्या विहिरीही त्याच्यावरच. पाणी बोगद्यात गेलं की दोन-तीन उन्हाळ्यांत मोठी झाडं वठायला लागतील. वाट हिरवी ठेवायची असेल तर प्रक्रिया केलेल्या पाण्याची एक बारीक धार तिथून वाहती ठेवावी लागेल. तो खर्च वाटेच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. डोंगराकडून येणारे ओढे कालव्याला आडवे जातात, त्यांच्यासाठी मोऱ्या आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुण्याला सांगायला नको. कालव्याची खोली बुजवून वर फरश्या घातल्या आणि एखादी मोरी दाबली गेली, तर वरच्या अंगाचं पाणी कुठे जाईल? बुजवू नका. कोरडा कालवा पावसाळ्यात पाणी धरून ठेवायच्या कामाचा आहे. वाट भरावावरून न्या, तळातून नाही.

मुलुंड_पूर्व

मुंबईतून एक अनुभव. तानसाच्या जलवाहिन्यांच्या कडेने मुलुंडपासून शहराच्या आत 39 किलोमीटरची चालायची आणि सायकलची वाट करायचं महापालिकेने ठरवलं, नाव 'हरितवारी जलतीरी'. नाव ऐकून मी हरखून गेले होते. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचे 10 मीटर मोकळे ठेवायचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेचं ते कारण खोटं नाही.

पण त्या 10 मीटरमध्ये माणसं राहत होती. विद्याविहार, घाटकोपरच्या बाजूच्या कितीतरी कुटुंबांना माहुलला पाठवलं गेलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. आमच्या इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या बाई त्यांतल्या एक. तिथे गेल्यावर त्यांच्या सासूबाईंचा दमा वाढला, मुलाची शाळा सुटली, आणि त्यांची आमच्याकडची कामंही सुटली कारण पहाटे इतक्या लांबून पोचणं होईना. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं की लोकांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही.

मी अजूनही अशा वाटेच्या बाजूची आहे. पण वसुधाताई, तुमच्या नकाशात जनता वसाहत कोणत्या रंगाने दाखवायची हे आधी ठरवा. आमच्या नकाशात ती जागा नुसती हिरवी होती.

तोआपायो

सिंगापूरहून थोडंसं. इथे बागांना बागा जोडणाऱ्या वाटा 1990 च्या दशकापासून करत आले आणि आता त्या 300 किलोमीटरच्या वर आहेत. त्यातल्या कितीतरी पावसाच्या पाण्याच्या कालव्यांच्या राखीव काठांवर आहेत, म्हणजे पाटकरी काका म्हणतात तेच. बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये कलांग नदी काँक्रीटच्या सरळ नाल्यातून वाहायची. 2012 पर्यंत त्यांनी ते काँक्रीट फोडून तिला पुन्हा वळणं दिली. मोठ्या पावसात आजूबाजूचं गवत पाण्याखाली जातं, आणि ते तसं जावं म्हणूनच ठेवलेलं आहे.

दुसरं म्हणजे मलेशियाच्या रेल्वेची 24 किलोमीटरची पट्टी. 30 जून 2011 ला शेवटची गाडी गेली आणि जमीन सिंगापूरकडे आली. गाडी बंद झाल्यावर पहिले काही दिवस रूळ काढायच्या आधी लोकांना त्यावरून चालू दिलं. माझे शेजारी सहकुटुंब चालून आले होते, ते आजही त्याबद्दल बोलतात. कालव्यात पाणी येणं थांबलं की पहिल्याच रविवारी हजार माणसं त्याच्या काठाने चालवा. जे पायाखालून गेलंय ते हातचं जाऊ द्यायला लोक तयार होत नाहीत.

वसुधा_हिंगणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं वहीत उतरवून काढलं. पाटकरी काका, मोऱ्यांचं मला सुचलंच नसतं. आज पहाटे चालताना मोजल्या. आमच्या दोन किलोमीटरच्या टप्प्यात पाच दिसल्या, त्यातल्या दोन राडारोड्याने निम्म्या बुजलेल्या.

मुलुंडच्या ताई, तुमचं वाचून मी संध्याकाळी मावशींकडे गेले. आता त्यांची मुलगी कमावती आहे, बँकेत लागली. मी तिला विचारलं, कालव्यावरून वाट झाली तर तुला काय हवं? ती म्हणाली, दिवे. रात्री नऊला ती बसमधून उतरते आणि भरावावरून अंधारात घरी येते. बाग, बाकं, कारंजं, काहीच नाही. दिवे, आणि घर जाणार नाही याचा कागद.

नेऊसताई, तुम्ही लिहीन म्हणाला होतात त्याची वाट बघतेय.

नेऊसकाठ

वसुधाताई, त्या मुलीचं म्हणणं मी माझ्या ऑफिसच्या फळ्यावर लिहिलंय.

राली शहराच्या आग्नेयेला रॉचेस्टर हाइट्स नावाची वस्ती आहे. 1950 च्या दशकात, गोऱ्यांच्या वस्तीत घर घेता येत नव्हतं तेव्हा, कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी ती वसवली गेली, आणि तीही वॉलनट ओढ्याच्या सखल जागेत. वरच्या अंगाला शहर वाढलं, डांबर वाढलं, आणि सगळं पाणी यांच्या घरात यायला लागलं. पाणथळ जागेत लोक कचरा आणि टायर आणून टाकायचे. हिरव्या वाटांचं धोरण असलेल्या याच शहरात हे वर्षानुवर्षं चाललं. जिथे पैसेवाले राहायचे तिथला ओढा म्हणजे निसर्ग, आणि इथला ओढा म्हणजे गटार. 1990 च्या दशकात तिथल्या चर्चच्या मंडळींनी आणि रहिवाशांनी स्वतः उतरून कचरा उपसला, शहरामागे लागले, आणि 2009 मध्ये तिथे पाणथळ जागेचं शिक्षणकेंद्र उभं राहिलं. वॉलनट ओढ्याची वाट त्याच्या जवळूनच जाते. मी तिथे गेले की आधी वस्तीतल्या एक आजी भेटतात. त्या प्रत्येक वेळी पुराचं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ती खूण दाखवतात. अगदी प्रत्येक वेळी. मला आधी वाटायचं, त्या विसरतात. नंतर कळलं, मी विसरू नये म्हणून त्या दाखवतात.

त्यातून मी शिकले ते असं. घरांची मोजणी वाटेच्या मोजणीबरोबर आणि तिथल्या लोकांच्या हाताने व्हावी. कुठलं घर खरंच भरावाच्या धोक्यात आहे आणि कुठलं फक्त नकाशाच्या आड येतंय, हे वेगळं लिहावं. ज्या घराला धोका नाही त्यासाठी वाट वळवा, 10 फुटांची ती 7 फुटांची करा, दुसऱ्या काठावर न्या. कालव्याला दोन काठ आहेत हे तुमचं केवढं मोठं भांडवल आहे. ज्यांना हलावंच लागेल त्यांना त्याच प्रभागात घर मिळाल्याशिवाय कुदळ पडू नये, हे ठरावातच असू द्या. आणि कामाची सुरुवात वस्तीपासून करा. पहिला दिवा हिंगण्यात नको, दांडेकर पुलाकडे लावा.

पाटकरी

दोन काठांचं बरोबर आहे. साधारणपणे देखभालीचा रस्ता एका बाजूलाच असतो, दुसरा काठ अरुंद. कुठे कुठला रुंद आहे ते चालूनच कळेल.

वसुधाताई, माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी लिहून देतो, तो बैठकीच्या आधी पडायला हवा. शिवाय बैठकीच्या आधी एकदा हिंगणे ते स्वारगेट चालून येऊ. दर शंभर मीटरला दोन्ही काठांची रुंदी, मोऱ्या आणि आडवे रस्ते एवढंच टिपायचं. माझ्याकडे 30 मीटरची जुनी टेप आहे.

पर्वतीकर_सायकल

मी येतो. स्वारगेटच्या चौकाचं मोजमाप माझ्याकडे द्या.

वसुधा_हिंगणे

रविवारी सकाळी 6 वाजता, हिंगण्याच्या बाजूला कालव्यावरच्या पुलापाशी. मावशींची मुलगीही येतेय, दांडेकर पुलाकडच्या भागाच्या नोंदी ती लिहिणार आहे. पाणी आणि गुळपोळ्या मी आणते.